गोदामाचं शटर आणि धावणारी मुलगी

'दुधात कॅल्शियम असते, त्याने हाडे मजबूत होतात' हे वाक्य तुम्हीही कितीदा तरी सांगितलं असेल. मीही तेवढ्यावरच भागवत होते. मग आमच्या भिवंडीच्या शाळेत सातवीतली एक मुलगी २०० मीटर धावताना मध्येच कोसळली.

मिनिटाभरात ती उठून बसली. "उपाशी आली असेल," असं मीच म्हणाले आणि ग्लुकोजचं पाणी दिलं. दोन महिन्यांनी खो-खो खेळताना पुन्हा तेच. घरच्यांना वाटलं, फिट येते. आई भेटायला आली तेव्हा बोलता बोलता म्हणाली, "मॅडम, माझा भाऊ पण असाच गेला. तलावात पोहताना. चौदा वर्षांचा होता, पट्टीचा पोहणारा." तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. हृदयाच्या डॉक्टरांकडे जा, असा मी हट्टच धरला.

झोपून काढलेला ईसीजी अगदी सरळ आला. ट्रेडमिलवर चालवल्यावर मात्र ठोके विस्कटले. आजाराचं नाव लांबलचक आहे, डॉक्टर त्याला थोडक्यात सीपीव्हीटी म्हणतात. या आजाराचा कॅल्शियमशी संबंध आहे, तो वर्गात कसा सांगायचा?

आमच्या मुलांचे वडील-काका माणकोली, काल्हेर, पूर्णाच्या गोदामांत कामाला आहेत, म्हणून मी गोदामच घेतलं. स्नायूच्या प्रत्येक पेशीत कॅल्शियमचं एक गोदाम असतं. आत माल ठासून भरलेला, बाहेर जवळजवळ काहीच नाही; फरक हजारो पटींचा. गोदामाला शटर असतं, त्याला रायनोडीन रिसेप्टर म्हणतात. (रायनिया नावाच्या झाडातलं एक कीटकनाशक द्रव्य याच शटरला चिकटतं, त्यावरून हे नाव पडलं.) हातापायाच्या स्नायूत मेंदूकडून निरोप आला की शटर वर जातं, कॅल्शियम बाहेर पडतं आणि स्नायू आखडतो. मग हमाल, म्हणजे पेशीतले पंप, माल उचलून परत आत टाकतात आणि स्नायू सैल पडतो. हमालांना मजुरी लागते, ती एटीपीची. एका मुलाने विचारलं, "मॅडम, मेलेला माणूस कडक का होतो?" मजुरी बंद, माल बाहेरच! हा प्रश्न माझ्या टिपणात नव्हता, पण तास त्यानेच जिंकला.

हृदयाला कॅल्शियम लागतं हे सिडनी रिंगर यांना १८८३ मध्ये कळलं. नळाच्या पाण्यात केलेल्या मिठाच्या द्रावणात बेडकाचं हृदय धडधडत राहिलं, शुद्ध पाण्यातल्या द्रावणात मात्र थांबलं. फरक नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा होता.

हृदयातलं शटर आरवायआर२ या जनुकावरून बनतं. त्यातल्या बिघाडाने सीपीव्हीटी होतो हे २००१ मध्ये दाखवलं गेलं. धावताना, पोहताना, घाबरल्यावर अॅड्रिनलिन वाढतं. सदोष शटर नको त्या वेळी गळतं आणि अवेळी ठोके पडतात. म्हणूनच निवांत पडलेल्या मुलीचा ईसीजी निर्दोष दिसला.

हातापायाच्या स्नायूतलं शटर वेगळं, आरवायआर१चं. त्यात दोष असलेल्या अनेकांना एरवी काही जाणवतही नाही, पण भूल देण्याच्या काही वायूंनी ते शटर उघडंच राहतं. स्नायू ताठरतात, अंग भट्टीसारखं तापतं. १९६० मध्ये मेलबर्नच्या डॉक्टरांनी अशा एका तरुणाची नोंद केली. त्याचे दहा नातेवाईक भुलीत दगावले होते. यावर डँट्रोलीन हे औषध आहे. तुमच्या घरी भुलीत कुणाला काही झालं असेल, तर ऑपरेशनआधी डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका, आपणहून सांगा.

आमची मुलगी आता रोज बीटा-ब्लॉकरची गोळी घेते आणि खो-खोचे गुण लिहिते. परवा तिने विचारलं, "मॅडम, शटर दुरुस्त होतं का?" मी म्हणाले, "नाही ग, गोळीने फक्त त्याच्यावरचा धक्का कमी होतो. म्हणून एकही दिवस चुकवायची नाही." तिच्या धाकट्या भावाची तपासणी अजून व्हायची आहे. वडील लूमवर आहेत, मुंबईला जायचं म्हणजे त्यांचा दिवस बुडतो. पुढच्या सोमवारी मीच त्या दोघांना घेऊन निघणार आहे.