टाचेच्या वेगाने

पावसाळा ओसरू लागला की कोल्हापुरातल्या माझ्या क्लिनिकमध्ये टाचेची तक्रार घेऊन येणारे वाढतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोव्याची आयर्नमन 70.3 असते, पुढे हिवाळाभर मॅरेथॉन आणि ट्रायथलॉनच्या तारखा लागलेल्या असतात, आणि पावसात बुडालेला सराव भरून काढायला मंडळी एकदम रस्त्यावर उतरतात. त्यांतले बरेच जण चाळिशी-पन्नाशीतले. दिवसभर खुर्चीत बसून काम करणारे, तरी पहाटे उठून रंकाळ्याला फेऱ्या मारणारे जिद्दी लोक. आत आल्या आल्या पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं, "मॅडम, काय वाटेल ते करायला सांगा, फक्त पळायचं बंद करा म्हणू नका."

मी तसं म्हणत नाही. ज्यांची टाचेमागची शीर दुखावली आहे आणि ज्यांना घरात बसवत नाही, त्यांना मी ट्रायथलॉनकडे, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग शर्यतीकडे, वळवते. क्रीडा-फिजिओथेरपीच्या कामात माझं हे मत पक्कं होत गेलं आहे. दुखापतीतून उठणाऱ्या हौशी धावपटूला पहिल्या ट्रायथलॉनसारखं दुसरं चांगलं उद्दिष्ट नाही. अट एकच, तयारीचा वेग टाचेने ठरवायचा, दमाने नाही.

ही अट पटायला ती शीर आधी समजून घ्यावी लागते. पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली एकत्र येतात आणि टाचेच्या हाडाला जोडले जातात, ती अ‍ॅकिलिस कंडरा. टाचेच्या जरा वर, मागून चिमटीत धरलीत तर सहज हाताला लागते. शरीरातली सर्वांत जाड आणि दणकट कंडरा ही. पळताना पाऊल पडलं की तिच्यावर शरीराच्या वजनाच्या 6 ते 8 पट ताण येतो. 70 किलोच्या माणसासाठी तो 400 किलोच्या पुढे जातो, आणि 5 किलोमीटर पळायला एकेका पायाची अडीच-तीन हजार पावलं पडतात. एवढं काम करणाऱ्या या शिरेचा रक्तपुरवठा मात्र बेताचाच आहे.

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये या शिरेबद्दल जे दाखवलं ते मी प्रत्येक रुग्णाला सांगते. 1955 ते 1963 या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-14 एकदम वाढलं आणि नंतर वर्षानुवर्षं उतरत गेलं. त्या काळात शरीरात जे काही घडलं, त्यात त्या वाढीची खूण राहून गेली. कंडरांमधली ती खूण मोजल्यावर कळलं की अ‍ॅकिलिसचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि पुढे आयुष्यभर जवळजवळ तसाच राहतो. स्नायू सतत नवे होत राहतात, हा गाभा होत नाही. पन्नाशीचा माणूस ज्या शिरेवर पळतो ती त्याने अकरावी-बारावीत असतानाच कमावलेली आहे. व्यायामाने ती बळकट होते, पण सावकाश, महिन्यांच्या हिशेबाने.

हृदयाचं आणि फुप्फुसांचं तसं नाही. सराव सुरू केला की पहिल्या दोन आठवड्यांतच रक्तातला द्रव वाढतो आणि दीड-दोन महिन्यांत दम लागणं कमी झाल्याचं स्वतःलाच जाणवतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक दुखापती या दोन वेगांमधल्या अंतरातून आलेल्या असतात. पोहून आणि सायकल मारून ज्याचा दम वाढला आहे, तो पळायला उभा राहतो तेव्हा त्याला कुठेच अडत नाही. शीर मात्र त्या वेळी तीन-चार महिने मागे असते, आणि ते तिला सांगता येत नाही. सांगते ती दुसऱ्या दिवशी सकाळी.

बँकेत अधिकारी असलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले तेव्हा अगदी निराश होते. "चार महिने पूर्ण विश्रांती घेतली, मॅडम. तेल लावलं, शेक दिला. एक दिवस पळालो आणि परत तेच बघा." मधुमेह नुकताच निघालेला, म्हणून तर पळायला सुरुवात केलेली. विश्रांतीने त्यांचं दुखणं गेलं होतं, पण त्याबरोबर शिरेची होती ती ताकदही गेली होती. मधुमेहात कंडरा एरवीही लवकर कुरकुरतात. अशा माणसाला "आणखी आराम करा" म्हणणं म्हणजे त्याची शीर आणखी दुबळी करणं आणि साखर वाढू देणं, दोन्ही एकदम.

त्यांना मी दवाखान्याच्या जिन्यावर नेलं. कठडा धरून पायरीच्या कडेवर दोन्ही चवडे ठेवायचे, टाचा अधांतरी. चांगल्या पायाच्या जोरावर वर उठायचं, मग सगळं वजन दुखऱ्या पायावर घ्यायचं आणि तीन आकडे मोजत टाच पायरीच्या खाली उतरू द्यायची. वर येताना पुन्हा चांगला पाय. गुडघा सरळ ठेवून 15 वेळा, असे तीन फेरे. गुडघा किंचित वाकवून आणखी तीन. सकाळी आणि संध्याकाळी. दिवसाला 180 होतात. सोपं जायला लागलं की पाठीवर पोराचं दप्तर, त्यात पुस्तकं भरून. दुखणं शिरेच्या मधल्या भागात असेल तरच टाच पायरीखाली न्यायची. थेट हाडाजवळ दुखत असेल तर हाच व्यायाम सपाट जमिनीवर करायचा, नाहीतर ती जागा आणखी चिरडली जाते. हा फरक न बघता व्हिडिओ पाहून व्यायाम करणारे लोक बघितले की मला काळजी वाटते.

हा व्यायाम स्वीडनचे शल्यविशारद हाकान अल्फ्रेडसन यांचा. 1998 मध्ये त्यांनी 15 हौशी धावपटूंकडून तो 12 आठवडे करून घेतला आणि सगळे पुन्हा पूर्वीसारखे पळू लागले. दुखत असतानाही व्यायाम चालू ठेवायचा, ही त्यातली धाडसाची गोष्ट होती. 2015 मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी दाखवलं की आठवड्यातून फक्त तीनदा, पण जड वजन घेऊन अगदी सावकाश टाचा उचलल्या तरी तितकाच गुण येतो. नोकरी, घर आणि तीन खेळ सांभाळणाऱ्यांना मी हल्ली हाच मार्ग देते, कारण रोजचे 180 दोन आठवड्यांनी गळतात हे मी वारंवार पाहिलं आहे. जो व्यायाम नेमाने होतो तोच खरा उपचार.

किती दुखलेलं चालेल, हा त्यानंतरचा प्रश्न. यालाही आधार आहे. 2007 मध्ये स्वीडनमध्येच झालेल्या अभ्यासात काही रुग्णांना उपचाराच्या काळातही पळू दिलं होतं, फक्त वेदना दहापैकी पाचाच्या पुढे जाऊ द्यायची नाही आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ती पूर्ववत झाली पाहिजे, असा नियम घालून. पळणं थांबवलेल्यांपेक्षा ते मागे पडले नाहीत. मी रुग्णांना सांगते, सकाळी अंथरुणातून उठल्यावरची पहिली दहा पावलं टाका आणि दुखण्याचा आकडा घरातल्या कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकटीत लिहा. दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिला तरी चालेल. तो आकडा आठवड्यामागून आठवडा खाली येत असेल तर सराव वाढवा, चढत असेल तर कमी करा. घड्याळातले वेग, हृदयाचे ठोके हे सगळं त्याच्यापुढे दुय्यम.

आता तीन खेळांकडे येऊ. 1974 मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिशन बे इथे पहिली ट्रायथलॉन झाली, 1978 मध्ये हवाईत आयर्नमन सुरू झाली, 2000 च्या सिडनी ऑलिंपिकपासून हा ऑलिंपिक खेळ आहे. लोकांच्या मनात मात्र आयर्नमनचेच आकडे असतात: 3.8 किलोमीटर पोहणं, 180 सायकल, 42.2 धावणं. गोव्याची शर्यत त्याच्या निम्मी. नवख्यासाठी जी स्प्रिंट असते ती 750 मीटर, 20 किलोमीटर आणि 5 किलोमीटर, हे सांगितलं की माणूस खुर्चीत जरा सैलावून बसतो.

पोहताना शिरेवर ताण जवळजवळ नसतोच, असं वाटतं. आमच्या भागातली पिढी विहिरीत किंवा पंचगंगेत, कमरेला सुका भोपळा नाहीतर डबा बांधून पोहायला शिकलेली. पाण्याची भीती नाही ही मोठी जमेची बाजू. पण डोकं वर धरून पोहायची सवय असते, त्याने पाय खाली बुडतात, मग गुडघ्यातून जोरजोरात पाय मारले जातात आणि पोटरीत गोळा येतो. तोंड पाण्यात घालून श्वास बाजूला घ्यायला शिकलं की पाय आपोआप वर येतात. सुरुवातीचे काही आठवडे मी मांड्यांमध्ये पुल बॉय (पाय तरंगते ठेवणारा फोमचा ठोकळा) धरून नुसत्या हातांनी पोहायला लावते. तलावात आणखी एक गोष्ट कुणी लक्षात घेत नाही, ती म्हणजे भिंत. 25 मीटरच्या टाकीत एक किलोमीटर पोहलं की 39 वेळा भिंतीला पाय रेटला जातो, तोही चवड्याने. दुखऱ्या शिरेला ते चांगलंच जाणवतं. भिंतीला हलकेच पाय लावून निघायचं. फिन्स तर पूर्ण बंद.

आणि खुल्या पाण्याची धास्ती असणाऱ्यांना हे माहीत असावं की शर्यतीत कुठल्याही पद्धतीने पोहता येतं, उताणं तरंगून दम खाता येतो, बचाव होडीला धरून थांबलं तरी चालतं; त्या होडीच्या मदतीने पुढे मात्र जायचं नाही.

सायकल ही या काळातली सर्वांत मोठी मैत्रीण. पळण्याच्या मानाने शिरेवर ताण अगदी थोडा, आणि हृदयाला भरपूर काम. फक्त सीट फार उंच नको, नाहीतर पेडल खाली जाताना चवडा ताणावा लागतो. पेडलमध्ये अडकणारे क्लीटचे बूट असतील तर क्लीट थोडी टाचेकडे सरकवा, पोटरीचं काम कमी होतं. पन्हाळ्याचा किंवा जोतिबाचा चढ लागला की लोक सीटवरून उठून चवड्यांवर जोर देतात. शीर बरी होईपर्यंत बसूनच चढायचं, हलका गिअर टाकून, कुणी मागून पुढे गेलं तरी.

पळण्याला मी सर्वांत शेवटी हात घालते. दुखऱ्या एका पायावर उभं राहून सलग 20-25 वेळा टाच पूर्ण उचलता आली की मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. दोन पळण्यांमध्ये किमान एक पूर्ण दिवस, शक्यतो दोन. याला कारण आहे. जोरदार व्यायामानंतर पहिला दीड दिवस शिरेत जुळणीपेक्षा मोडतोड जास्त चालू असते, भरून येणं नंतर सुरू होतं. त्या दीड दिवसात पुन्हा पळणारा माणूस केवळ मोडतोडच वाढवत असतो. मधल्या दिवशी पोहा, सायकल चालवा. ट्रायथलॉनची खरी देणगी हीच आहे की शिरेला सुट्टी देऊनही माणसाला सुट्टी घ्यावी लागत नाही.

धोक्याची जागा म्हणजे दोन खेळांमधला सांधा. पाण्यातून बाहेर आलं की वाळूवरून किंवा खडीवरून अनवाणी सायकलपर्यंत पळायचं, तेही पोटऱ्या आखडलेल्या असताना. तिथे चालत जा. सायकलवरून उतरल्यावर तर आणखी सांभाळायचं. तासभर गोल फिरलेल्या पायांना आपला वेगच कळत नाही, आणि नवखे जवळजवळ सगळे पहिला किलोमीटर वाजवीपेक्षा जोरात पळतात. म्हणून सायकलनंतर लगेच पळण्याचा सराव, ज्याला सगळे ब्रिक म्हणतात, सुरुवातीला दहाच मिनिटांचा आणि सपाटीवरचा असावा, पहिली दोन मिनिटं चालण्याची. त्या बँकेतल्या गृहस्थांनी पहिल्या स्प्रिंटमध्ये पाच किलोमीटरचा जवळजवळ निम्मा भाग चालत काढला. दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा दोन होता. मला त्यांची शर्यतीची वेळ नोंदवण्यापेक्षा हा दोनाचा आकडा नोंदवताना जास्त आनंद झाला.

औषधांबद्दल सांगायलाच हवं. सरावाआधी वेदनाशामक गोळी घेतली की सकाळचा आकडा खोटा होतो. अ‍ॅकिलिसमध्ये स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतल्याने शीर तुटण्याचा धोका असतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या सर्रास दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांमुळेही कंडरा तुटू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 मध्येच त्यांच्या माहितीपत्रकावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. साठीच्या पुढे हा धोका वाढतो. स्वतःहून औषध बंद करू नका, पण आपण पळतो आणि टाच दुखते हे डॉक्टरांना आधी सांगा. आणि पळताना मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं, वळून बघितलं तर कुणीच नाही, आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर घरी शेकत बसू नका. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा.

हा लेख वाचून यंदा शर्यतीचा अर्ज भरायचा विचार मनात आला असेल, तर अर्ज भरण्याआधी भिंतीला बोट टेकवून एका पायावर उभे राहा आणि टाच पूर्ण वर उचलत मोजा. दोन्ही पायांवर 25 सहज झाले, तर तीन महिन्यांनंतरची स्प्रिंट निवडा. दहालाच थांबलात, तर पुढच्या हंगामातली निवडा आणि टाचा उचलण्याचा व्यायाम उद्या सकाळपासून सुरू करा.