पाळण्याचा कठडा

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी या दोन्ही नद्या महाड शहरात शिरल्या. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. पाणी ओसरल्यावर मुंबई-वसईकडून मदतीचे ट्रक येऊ लागले. कपडे, भांडी, धान्य, गाद्या आणि लोकांच्या माळ्यावर पडून असलेल्या असंख्य वस्तू त्यांतून आल्या. देणाऱ्यांच्या मनात माया होती, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. मात्र त्या वस्तू वाटताना माझ्या हातून एक चूक घडली. ती आज वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

शहरात एक विधवा भगिनी आपल्या दोन खोल्यांच्या घरात पाळणाघर चालवते. औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या आया, परिचारिका, शिक्षिका सकाळी आपली बाळे तिच्या स्वाधीन करतात. लहानथोर सारे तिला मावशी म्हणतात. पुरात तिचा जुना सागवानी पाळणा वाहून गेला. त्याच सुमारास आखाती देशातून परतलेल्या एका कुटुंबाने आपल्या मुलांचा लाकडी पाळणा मदतीत दिला होता. चहूबाजूंनी उभे गज, पांढरा रंग, पायांना चाके. आणि एका बाजूचा कठडा खटका दाबताच खाली सरके, म्हणजे बाळाला उचलताना वाकावे लागू नये. मला तो फारच आवडला. मी स्वतः टेम्पोत बसून तो मावशीकडे नेला. तिच्याकडच्या बाळांपैकी दोन आमच्या ख्रिस्ती कुटुंबांतली होती. मी पवित्र जल शिंपडले, प्रार्थना म्हटली आणि माझ्या हातातील जपमाळ पाळण्याच्या गजाला अडकवली. मावशीच्या डोळ्यांत पाणी आले. मी कृतार्थ होऊन घरी परतलो.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मावशी माझ्या दारात उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"फादर, दिलेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत. पण आज देवानंच राखलं."

आठ महिन्यांचे एक बाळ झोपले होते. मावशी शेजारच्या खोलीत पीठ मळत होती. सरकत्या कठड्याचा एक खटका झिजून निसटला, कठडा तिरपा झाला आणि गादी व गज यांच्यामध्ये फट पडली. बाळ पायांकडून त्या फटीत घसरले आणि हनुवटीशी अडकले. रडण्याचा आवाज आलाच नाही. गळा दाबला गेल्यावर रडता येत नाही. चार वर्षांच्या एका मुलीने ते पाहिले आणि ती ओरडली, "मावशी, बाळ अडकलं!" म्हणून ते बाळ आज शाळेच्या वाटेवर आहे.

मी सुन्न झालो. दुसऱ्या दिवशी पोलादपूरकडच्या वाड्यावस्त्यांवर फिरणाऱ्या आमच्या एका परिचारिका धर्मभगिनीला घेऊन मावशीकडे गेलो. सिस्टरने पाळण्याकडे पाहिले आणि आधी हात घातला तो जपमाळेला.

"फादर, ही काढा. बाळाच्या हाताला लागतं ते गळ्यात जातं."

"सिस्टर, आशीर्वाद दिलेली आहे ती."

"म्हणूनच भिंतीवर लावा. खिळ्याला. बाळाचा हात पोचणार नाही इतक्या उंच."

मग तिने शिवणाची मोजपट्टी काढली. दोन गजांमधले अंतर सहा सेंटिमीटरहून अधिक असू नये. अधिक असल्यास बाळाचे अंग पार होते आणि डोके अडकते. आमच्या पाळण्यात एक गज मुळातच तुटलेला होता. गादी घट्ट, सपाट आणि पाळण्याच्या मापाची हवी. कडेला दोन बोटांहून अधिक फट नको. आमची गादी मऊ कापसाची आणि चार बोटे आखूड होती. वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंथरुणात उशी, जाड गोधडी, खेळणी काही नको. डोक्याला गोल आकार यावा म्हणून ठेवलेली मोहरीची उशीसुद्धा नको. बाळाला नेहमी पाठीवर निजवावे. अमेरिकेत १९९४ साली एवढ्या एका गोष्टीचा देशभर प्रचार सुरू झाला आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण पुढे निम्म्याहून खाली आले. गळ्यातला काळा दोरा, ताईत आणि आपल्या क्रुसाची दोरीही झोपताना काढून ठेवावी. हे शेवटचे वाक्य सिस्टरने माझ्याकडे पाहून उच्चारले.

त्या रात्री मला सेमिनरीतील जुन्या कराराचे वर्ग आठवले. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक छोटासा नियम आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा बांधलाच पाहिजे. तो नसल्यामुळे कोणी पडून मेला, तर त्या रक्ताचा दोष घराला लागतो. विद्यार्थिदशेत हा नियम मला रुक्ष वाटला होता. शलमोनाच्या न्यायाची गोष्ट तर आपण लहानपणापासून ऐकतो. त्या गोष्टीतली तलवार आपल्या लक्षात राहते, पण तंटा कशावरून सुरू झाला ते आपण विसरतो. एका आईचे अंग रात्री झोपेत बाळावर पडले आणि ते मेले. तिने ते जाणूनबुजून केले नव्हते. तान्ह्या बाळांवरचे असे प्रसंग बहुधा द्वेषातून येत नाहीत. ते प्रेम करणाऱ्या माणसांच्या घरात, पीठ मळून होईपर्यंतच्या अवधीत घडतात.

पुढे या विषयावर मी जे वाचले, त्यात १२ मे १९९८ रोजी शिकागोत घडलेली एक घटना होती. डॅनी कायसार नावाचा सोळा महिन्यांचा मुलगा एका बाईच्या घरगुती पाळणाघरात दुपारी झोपला असता घडीचा पाळणा मिटला आणि त्याची मान त्यात सापडली. तो वाचला नाही. तो पाळणा धोक्याचा म्हणून १९९३ सालीच बाजारातून परत मागवण्यात आला होता. ही वार्ता त्या घरापर्यंत पोहोचलीच नव्हती. त्याच्या आईवडिलांनी आपले दुःख कवटाळून न बसता लढा दिला. २००८ साली तेथे झालेल्या कायद्यातील एका भागाला डॅनीचे नाव आहे. त्याच कायद्यानुसार जून २०११ पासून सरकत्या कठड्याचे पाळणे विकण्यास बंदी झाली आणि घरगुती पाळणाघरांनाही डिसेंबर २०१२ अखेरपर्यंत नव्या नियमांचे पाळणे आणावे लागले. म्हणजे तेथे ज्या घडणीला दहा वर्षांपूर्वी मज्जाव झाला होता, तिचाच पाळणा मदतीच्या ट्रकमधून महाडला आला आणि मी त्यावर पवित्र जल शिंपडले!

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने तीसहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यांत पाळणाघर ठेवण्यास सांगितले. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर ती जबाबदारी आली. हे चांगलेच झाले. परंतु दोन खोल्यांत चार बाळे सांभाळणाऱ्या मावशीचा उंबरठा या तरतुदी ओलांडत नाहीत. तिथे मोजपट्टी घेऊन जाणार कोण? जाणारा माणूस आपल्यातलाच असावा लागतो.

पोलादपूरकडे लावणीच्या दिवसांत बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधून आया चिखलात उतरतात. शिकलेली माणसे त्या झोळीला हसतात. सिस्टर हसत नाही. ती गाठ ओढून पाहते, फांदी हलवून पाहते, बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडत नाही ना ते पाहते. मग जवळच्या बाईला सांगते, झोळीत बाळ असेतो नजर काढू नकोस, आणि काम संपताच त्याला सपाट जागेवर निजव. ज्या आईला दुसरा पाळणा नाही, तिला एवढे तरी सांगता येते.

तो पांढरा पाळणा मी सुताराकडून तोडून घेतला. दोघातिघांनी तो मागितला होता. मी दिला नाही. मावशीसाठी स्थिर कठड्याचा साधा पाळणा सुताराने मापाबरहुकूम करून दिला. नाताळात पाळणा देणाऱ्या कुटुंबातील माता मिस्सानंतर भेटल्या आणि त्यांनी हौसेने विचारले, "फादर, आमचा पाळणा कुणाच्या उपयोगी पडला?" मी सारे सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या.

"आमची दोन्ही मुलं त्यातच वाढली हो, फादर."

"चूक तुमची नाही," मी म्हणालो. "तपासायचा होता तो मी."

आता बाळाच्या बारशाला किंवा स्नानसंस्कारानंतर घरी बोलावणे आले, की मी आधी पाळण्याचा कठडा दोन्ही हातांनी हलवून पाहतो, गादीच्या कडेला बोटे घालतो, उशी उचलून आजीच्या हाती देतो. आजी थोड्या रागावतात. मग मी प्रार्थनेचे पुस्तक उघडतो.