लगाम

आमच्या शाळेच्या सभागृहात एक जुना उभा पियानो आहे. मागच्या पावसाळ्यात त्याचे काही सूर एकदा वाजले की पुन्हा लवकर वाजेनासे झाले. दुरुस्तीला मुहूर्त लागला तो यंदाच्या मे महिन्यात. वांद्र्याहून एक वृद्ध कारागीर आले. मदतीला मी बसलो. कुतूहल होतेच, शिवाय घरी लवकर जावेसे वाटत नव्हते.

पुढची फळी काढली तशी 88 हातोड्यांची पलटण दिसली. प्रत्येक हातोडीला कापडाची अरुंद फीत, तिच्या टोकाला करंगळीच्या नखाएवढे चामडे, त्याला भोक, आणि ते भोक एका वाकड्या तारेत अडकवलेले. दमट हवेने कितीतरी चामडी कुजली होती. या फितीला इंग्रजीतही लगामच म्हणतात. लंडनच्या रॉबर्ट वॉर्नमने 1842 साली या रचनेचे पेटंट घेतले. उभ्या पियानोतली हातोडी आडवी जाऊन तारेवर आदळते. नुसत्या वजनाने ती झटकन मागे येत नाही. पट्टी सोडली की खालचा दांडा उतरतो आणि लगामाने हातोडीला मागे ओढतो.

जुनी फीत कापायची, नवी सरसाने चिकटवायची, चामडे तारेत अडकवायचे. माझा हात बसला. तारा वाकवून मी एक ओळ चांगली ताणून घेतली आणि ऐटीत म्हणालो, “बघा, एक तरी सैल आहे का?”

म्हातारबुवा हसले. “मास्तर, डावे पेडल दाबा.”

दाबले. हातोड्या तारांकडे सरकल्या, आणि त्यांच्यामागून खालचे दांडेही फरफटत वर आले.

“सैल सोडाल तर ती वेळेवर परत येणार नाही, हे खरे. पण आधी तिला जाऊ तर द्या!”

मी काही बोललो नाही. माझ्या मुलीला शिकायला पुण्याला जायचे होते. मी नाही म्हटले होते, आणि आठ दिवस आम्ही दोघे जेवणापुरतेच बोलत होतो.

संध्याकाळपर्यंत मी एकेक तार पुन्हा जरा मागे वाकवली. मग घरी जाऊन तिला म्हणालो, “अर्ज आण, सही करतो.”

या दिवाळीला ती घरी येते आहे. गाडी किती वाजताची, एवढे मात्र मी दोनदाच विचारले.