खैरातीचं देणं

खैराती ही मुरादाबादकडची एक तृतीयपंथी व्यक्ती. तिच्यावर पोलिसांची आधीपासून नजर होतीच; बाईच्या वेशात, बायकांमध्ये गाताना ती सापडली, अटक झाली आणि ‘अनैसर्गिक’ संभोगाला गुन्हा ठरवणारं कलम ३७७ लागलं. गुन्हा कधी, कुठे, कुणासोबत घडला हे सिद्ध झालं नाही, म्हणून १८८४ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने तिला सोडलं. हा खटला वाचल्यापासून तो माझ्या मनातून जात नाही.

मी कोण आणि माझा जीव कुणावर जडतो, हे दोन निराळे प्रश्न. समलिंगी पुरुष स्वतःला पुरुषच मानतो. ट्रान्स (पारलिंगी) स्त्री ही स्त्री असते. तिचं प्रेम पुरुषावर असेल किंवा स्त्रीवरही. मग ही सारी माणसं एका झेंड्याखाली का? मला उत्तर खैरातीपाशी सापडतं. बाई आणि पुरुष यांनी कसं वागावं, याची ठरीव चौकट समलिंगी आणि ट्रान्स अशा दोघांनीही मोडली होती, आणि कायद्याने दोघांवर एकच कलम उगारलं. समलिंगी माणसाला निदान लपता येत होतं, घुसमट सोसून का होईना. खैरातीला तिचा वेशच उघडं पाडत होता. म्हणून पहिला घाव तिच्यासारख्यांवर बसला.

११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ कायम ठेवलं. चारच महिन्यांनी, १५ एप्रिल २०१४ रोजी, त्याच न्यायालयाने आपलं लिंग आपण ठरवण्याचा हक्क पारलिंगी व्यक्तींना दिला. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी त्या खटल्यात तृतीयपंथी समाजाची बाजू घेऊन उभ्या होत्या. ओळख मान्य, पण प्रेम अजून गुन्हाच, अशी ती विचित्र वर्षं. ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी प्रेम गुन्ह्यातून सुटलं, तेव्हा न्यायाधीशांनी ज्यांचा आधार घेतला त्यांत २०१४ चा निकालही होता.

म्हणून समलिंगी माणसं ट्रान्स व्यक्तींचं देणं लागतात, आणि हे देणं फिटलेलं नाही. प्राइडच्या मोर्चात ट्रान्स स्त्रिया पुढे हव्या असतात. खोली भाड्याने देताना, नोकरीच्या मुलाखतीला बोलावताना त्यांची आठवण राहत नाही. ट्रान्स पुरुष तर अनेकांच्या गावीही नसतात. ज्यांना आज निर्धास्तपणे प्रेम करता येतं, त्यांनी आपल्या कचेरीत आणि आपल्या सोसायटीच्या सभेत ट्रान्स व्यक्तींसाठी बोलायला हवं. सर्वांत उघड्यावर उभं राहून ज्यांनी मार खाल्ला, त्यांचं चळवळीतलं स्थान पहिल्या रांगेतच आहे.