गिरणगावात घर घेताना

घर घेणे हा संसारी मनुष्याच्या आयुष्यातील मोठा व्यवहार होय. शिक्षकासारख्या मितप्राप्तीच्या मनुष्यास तर तो बहुधा एकदाच करावयास मिळतो. अशा वेळी किंमत, हप्ते व व्याज यांचा विचार सारेच करतात. परंतु ज्या वस्तीत आपण राहावयास जाणार ती कोणाच्या श्रमाने उभी राहिली, व त्या लोकांचे पुढे काय झाले, हा विचार क्वचितच होतो. गेल्या वर्षी आम्हांस व आमच्या धाकट्या बंधूंस मुंबईच्या परळ भागात एक लहानसे घर घ्यावे लागले. आमच्या शाळेतील पुष्कळ मुले शिक्षण संपल्यावर उदरनिर्वाहासाठी नाशिक सोडून मुंबईस जातात व पुढेमागे घराच्या शोधास लागतात. त्यांस उपयोग व्हावा या हेतूने हा अनुभव लिहीत आहोत.

परळ, लालबाग, वरळी, नायगाव, भायखळा या भागांस लोक अद्याप गिरणगाव म्हणतात, जरी गिरण्यांचे भोंगे तेथे आता वाजत नाहीत. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेव येथे कापडगिरणीची कंपनी स्थापन केली व १८५६ मध्ये तिचे काम सुरू झाले. पुढील सव्वाशे वर्षांत गिरण्यांची संख्या साठाच्या घरात व कामगारांची अडीच लाखांच्या घरात गेली. कोकणातून, साताऱ्याकडून, कोल्हापुराकडून माणसे आली. आमचे वडील नगर जिल्ह्यातून आले. राहावयाची जागा मुळातच अपुरी. १९२० नंतरच्या काही वर्षांत सरकारने बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील एकेक खोली अवघी १६० चौरस फुटांची होती. एकट्या राहणाऱ्या कामगारांनी तर एकच खोली पाळ्यांप्रमाणे वाटून घ्यावी. दिवसपाळीचा उठला की त्याच वळकटीवर रात्रपाळीच्याने अंग टाकावे. गावच्याच एखाद्या बाईने खानावळ घालावी व सर्वांची पोटे भरावीत. आज ज्या भागाचा भाव लाखांनी व कोटींनी सांगितला जातो, तो प्रथम राहण्याजोगा केला तो या माणसांनी.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेला नाही. कामगारच हळूहळू पांगले. आमचे वडील साचेखात्यात होते. आम्ही त्या वेळी लहान होतो. तरी ते सकाळी सवयीने उठत, स्नान करून कपडे घालीत आणि मग चाळीच्या सज्जात बसून राहत, एवढे आठवते. मातोश्रींनी डबे करून देण्यास आरंभ केला व त्या डब्यांवर आम्हां दोघां भावांचे शिक्षण झाले.

गिरण्या बंद पडल्या, पण त्यांखालची जमीन राहिली. आणि कापडापेक्षा तिचेच मोल अधिक ठरले. १९९१ च्या नियमांत अशा जमिनीचा सुमारे एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी व सुमारे तेवढाच सार्वजनिक घरांसाठी देण्याची योजना होती. २००१ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन ही वाटणी केवळ इमारती नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती राहिली, व २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. परिणाम असा झाला की मनोरे, कचेऱ्या व बाजार पुष्कळ उठले, परंतु बागा आणि गरिबांची घरे त्या मानाने फारच थोडी झाली. वाटाही जुन्याच राहिल्या. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसे मेली. त्या स्थानकास आज प्रभादेवी म्हणतात. वस्ती वाढवावी पण वाट वाढवू नये, याचा हा परिणाम.

आमची चाळ धोकादायक ठरून रिकामी करावी लागली, तेव्हा मातोश्रींच्या निवाऱ्याचा प्रश्न उभा राहिला. आमचा विचार त्यांस नाशिकास आणावे असा होता. येथे तेवढ्याच पैशांत हवेशीर, प्रशस्त घर मिळते. मातोश्रींनी सर्व ऐकून घेतले व म्हटले, "अरे, घर मोठं मिळेल, पण दुपारी माझं दार कोण वाजवणार?" यावर आम्हांस उत्तर नव्हते. पंचेचाळीस वर्षांचा शेजार ही त्यांची खरी मिळकत होती, व ती नाशिकास हलविता येण्याजोगी नव्हती. परळमध्येच घर पाहावयाचे ठरले.

पहिले घर दलालाने दाखविले ते गिरणीच्या जागेवर उठलेल्या मनोऱ्यात. किमतीची गोष्ट दूरच, नुसत्या देखभालीचा मासिक खर्च ऐकून आम्ही उठलो. दुसरी खोली स्वस्त होती व "मालकीची" म्हणून सांगितली गेली. कागद मागितले तेव्हा ती पागडीची निघाली. पागडीच्या जागेत रक्कम मोठी दिली तरी घेणारा भाडेकरूच राहतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडी घेण्यास मान्यता दिली आहे. परंतु जागा दुसऱ्यास द्यावयाची तर घरमालकाची संमती लागते व त्याचा वाटाही द्यावा लागतो. पागडी वाईटच असे नव्हे. पण भाडेकरूच्या हक्कास मालकीची किंमत देऊ नये.

तिसरे घर एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, एक खोली व स्वयंपाकघर. तेच घेतले. घेण्यापूर्वी जे केले ते सांगतो. घराचे माप कार्पेट एरियाने, म्हणजे भिंतींच्या आतील प्रत्यक्ष वापराच्या जागेने, स्वतः फीत लावून घेतले. संस्थेचे भागप्रमाणपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला व भोगवटा प्रमाणपत्र पाहिले; वकिलाकडून मागील तीस वर्षांच्या नोंदींचा शोध करविला. नवे घर घेणाराने २०१६ चा रेरा कायदाही जाणून असावे. त्या कायद्याप्रमाणे किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यापूर्वी बांधणाऱ्यास नोंदणीकृत करार करावा लागतो, व खरेदीदारांच्या पैशांपैकी सत्तर टक्के रक्कम त्या बांधकामासाठी निराळ्या खात्यात ठेवावी लागते. याखेरीज, घर एकदा पहाटे पाणी येण्याच्या वेळी व एकदा मुसळधार पावसात पाहावे. परळचा हिंदमाता भाग पावसाळ्यात तुंबतो, हे उन्हाळ्यात घर पाहणाऱ्यास कसे कळावे?

व्यवहार पुरा झाला त्या दिवशी बंधू सहज म्हणाले, "आता बाबांच्या अर्जाचं काय करायचं?" गिरणी कामगारांस वा त्यांच्या वारसांस घरे मिळावीत म्हणून अर्ज मागविले गेले आहेत व सोडती निघाल्या आहेत. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे होती, २०२० च्या सोडतीत ३,८९४. अर्ज मात्र दीड लाखांहून अधिक. त्यांत आमच्या वडिलांच्या नावाचाही एक आहे. आमचे मत असे पडले की आता घर झालेच आहे, तर अर्जाच्या मागे लागू नये. मातोश्री म्हणाल्या, "हे घर तुम्ही तुमच्या पगारातून घेतलंत. ते घर त्यांच्या कामाचं आहे. अर्ज राहू दे. मिळालं तर ज्याला नाही त्याला राहायला देऊ." अर्ज आहे तेथेच आहे.

त्यांच्या या बोलण्याने विकत घेतलेले घर व देणे असलेले घर यांतील भेद आम्हांस स्पष्ट झाला. आमच्या जिन्यातच एक वृद्ध कामगार लेकीकडे आश्रयाने राहतात. समोरच्या मनोऱ्याच्या जागी त्यांचे सूतखाते होते. त्यांस त्या घराची कृपा नको आहे. अनेक वर्षे राहिलेला हिशेब पुरा व्हावा, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. मातोश्री दर सोमवारी त्यांचे कागद वाचून घेण्यास शेजारच्या मुलाला त्यांच्याकडे पाठवितात, आणि दुपारी त्यांचे स्वतःचे दारही वाजतेच.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या नाशिकातही सातपूर-अंबडच्या कारखान्यांभोवती कामगारांच्या वस्त्या आहेत. गिरणगावाचे झाले तसे यांचेही कधी होणारच नाही, असे कोण म्हणेल? त्या वेळी तुम्हांपैकी कोणी तेथे घर घेणारा असेल, कोणी बांधणारा, कोणी नियम करणारा अधिकारी. कागद नीट पाहून घ्या, फीत लावून जागा मोजा. आणि तेथे आधी कोण राहत होते व त्यांचे काही देणे राहिले आहे काय, हेही शेजारी जाऊन एकदा विचारा.