म्हसवडचा हिशेब आणि युनिक्सचा वैताग

१/११ सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, म्हसवड येथे, १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन झाली. त्याआधी परवान्याचा अर्ज एकदा फेटाळला गेला होता, कारण अनेक प्रवर्तक स्त्रियांना लिहिता-वाचता येत नव्हते. संस्थापक चेतना गाला सिन्हा सांगतात त्याप्रमाणे, त्या स्त्रियांनी रिझर्व्ह बँकेत जाऊन प्रतिप्रश्न केला: कोणत्याही मुद्दलाचे व्याज आम्हांला विचारा, आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही ते कॅल्क्युलेटरविना काढायला सांगा. परवाना मिळाला.

२/११ या प्रसंगाचे मर्म साधे आहे. आकडा चुकणार नाही आणि चुकल्यास तपासता येईल, या भरवशावर बँक उभी असते. म्हसवडच्या आधी एक तप, हीच कसोटी भारतीय बँकांत एका यंत्राला लागली होती: छोटा संगणक आणि त्यावरचे युनिक्स. ते तिथे का अडखळले, त्याची ही कथा.

३/११ युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून झाला. एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे आणि कोणाचा धक्का कोणाला लागू नये, ही त्याची प्रतिज्ञा. ते वाढले पीडीपी-११ या मिनिकॉम्प्युटरवर. तेथे एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या मेमरीत शिरू न देणारे कुंपण यंत्रातच होते.

४/११ १९८१च्या आयबीएम पीसीमधील ८०८८ प्रोसेसरमध्ये हे कुंपणच नव्हते. मायक्रोसॉफ्टने १९८० साली जाहीर केलेले झेनिक्स हे युनिक्सचे रूप पुढे या जातीच्या प्रोसेसरवर आले खरे. पण एखादा सदोष प्रोग्राम थेट कार्यप्रणालीच्याच मेमरीवर लिहू शके. एका टेबलावरची चूक सगळ्यांचे काम बंद पाडी.

५/११ १९८२च्या ८०२८६ने कुंपण दिले, पण मेमरी ६४ किलोबाइटच्या तुकड्यांत वाटून. मोठा प्रोग्राम लिहिणाऱ्याचा निम्मा जीव त्या तुकड्यांची सांधेजोड करण्यात जाई. खरी सुटका १९८५च्या ८०३८६ने झाली. म्हणजे आश्वासन आधी विकले गेले आणि ते पेलणारे यंत्र मागाहून आले.

६/११ भारतीय बँका याच काळात या वाटेवर आल्या. १९८३ साली कर्मचारी संघटनांशी यांत्रिकीकरणाचा करार झाला. १९८४ साली रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर रंगराजन यांच्या समितीचा अहवाल आला. पुढील खरेदीत युनिक्सला मोठी पसंती मिळाली. एका यंत्राला अनेक टर्मिनल जोडता येत आणि एकाच उत्पादकाशी बांधून घ्यावे लागत नसे. आयबीएमने १९७८ साली भारत सोडल्याची आठवण तेव्हा ताजीच होती.

७/११ मग वीज जाई. युनिक्स प्रत्येक नोंद तत्काळ डिस्कवर उतरवत नसे. ती मेमरीत साठवून साधारण दर ३० सेकंदांनी लिहिली जाई. त्या फटीत वीज गेली की डिस्कवरचा हिशेब अर्धवट राही. यंत्र पुन्हा सुरू होताना दुरुस्तीचा प्रोग्राम डिस्क चाळी आणि सापडलेले बेवारस तुकडे नावाऐवजी आकडा देऊन बाजूला ठेवी. भारनियमनाच्या मुलखात ही गंभीर गोष्ट होती. खतावणीवरची शाई वीज गेल्याने पुसली जात नाही.

८/११ खर्चाचा वैताग वेगळाच. सांताक्रूझ ऑपरेशन या कंपनीचे झेनिक्स घेतले तरी सी भाषेचा कंपायलर त्यात नसे. तो स्वतंत्र संच होता. मजकूर-मांडणीची साधनेही वेगळी विकत घ्यावी लागत. बेल लॅब्जमध्ये जे सारे एकत्र नांदत होते, त्याच्या पीसीवर वाटण्या झाल्या.

९/११ मराठीची अडचण तर अगदी मुळाशी होती. जुना बोर्न शेल अक्षराचा आठवा बिट अवतरणाच्या अंतर्गत खुणेसाठी वापरी, कारण इंग्रजीला सात बिट पुरत. भारतीय लिप्यांच्या इस्की या प्रमाणसंकेतात, १९९१च्या आवृत्तीतही, देवनागरी अक्षरे ओळखली जातात ती त्याच आठव्या बिटावरून. शेल तो बिट पुसून टाकी, आणि अक्षराचे भलतेच काही होई. पुढील आवृत्त्यांत हा दोष निघाला.

१०/११ पण सर्वांत खोल तक्रार दोषांची नव्हती; दोष उघडून पाहता येत नव्हते, ही होती. १९७९च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने मूळ संहिता वर्गात शिकवण्यास मनाई केली. म्हणून अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ साली शिकवण्यासाठी मिनिक्स लिहिले. त्याच्या मर्यादांनी अस्वस्थ झालेल्या लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ साली आपल्या ८०३८६ पीसीवर लिनक्सला आरंभ केला. १९९२ साली ते जीपीएल परवान्याखाली खुले झाले.

११/११ त्या अपुऱ्या यंत्रांशी झगडतच भारतीय प्रोग्रामरांची एक पिढी युनिक्स शिकली, हेही इतिहासात नोंदवले पाहिजे. लिनक्समध्येही चुका होत्या. वीज गेल्यावर त्याचीही डिस्क बिघडे. फरक एवढाच, की आता चूक कोणत्या ओळीत आहे हे कोणालाही शोधता येत होते. ज्याचा हिशेब तपासता येत नाही त्याच्यावर नुसता विश्वास टाकावा लागतो, आणि पैशांच्या व्यवहारात तेवढे पुरत नाही.