मधली कोरी वर्षं

मन आजारी पडणाऱ्या माणसाचा भरवसा धरता येत नाही, असं मी बरीच वर्षं मानत आलो. बोलून दाखवलं नाही. पण नोकरीसाठी मुलाखती घेताना एका अर्जात मधली काही वर्षं कोरी दिसली. उमेदवाराने नैराश्याचं कारण सरळ सांगितलं आणि मी दुसऱ्या नावावर खूण केली. तो खरं बोलला, त्याचीच शिक्षा मी त्याला दिली.

लोरेन्झो लँगस्ट्रॉथबद्दल मी वाचायला घेतलं ते मधमाश्यांसाठी. अमेरिकेतला हा पाद्री. 1838 मध्ये एका मित्राकडे काचेच्या भांड्यातला पोळ्याचा मध पाहून त्याने माश्या पाळायला घेतल्या. 1851 मध्ये त्याच्या ध्यानात आलं, की साधारण 9 मिलिमीटरची फट माश्या मेणाने भरत नाहीत आणि राळेने बुजवतही नाहीत, ये-जा करायला मोकळी ठेवतात. पेटीच्या भिंती आणि चौकटी यांच्यात तेवढीच फट ठेवली, तर पोळं न मोडता एकेक चौकट उचलून पाहता येते. 1852 मध्ये पेटंट, 1853 मध्ये पुस्तक. आपल्याकडच्या सातेरी माश्यांच्या पेट्याही याच तत्त्वावर उघडतात.

आणि या माणसाला नैराश्याचे झटके येत. महिनोन् महिने टिकत. ज्या माश्यांवर एवढा जीव, त्यांचा विषयही तेव्हा नकोसा होई. वाचताना मी एक पान शोधत होतो: आजार बरा झाला आणि मग मोठं काम झालं, असं सांगणारं. ते पान आलंच नाही. झटके शोधाच्या आधी होते, नंतरही होते, पार म्हातारपणापर्यंत. शोध त्यांच्या मधोमध लागलेला. पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो. 'आधी पुरतं बरं व्हा, मग विश्वास टाकू' हा क्रम लँगस्ट्रॉथच्या आयुष्यात कुठेच नव्हता. तो माझा होता, आणि त्याच क्रमाने मी माणसं बाद करत आलो होतो.

1895 मध्ये, 84 वर्षांचा असताना, तो डेटन शहरातल्या एका चर्चमध्ये प्रवचनाला उभा राहिला आणि तिथेच गेला.

एक प्रश्न मात्र मला सोडत नाही. याने काहीच शोधलं नसतं, नुसताच आजारी पडत, उठत, जमेल तसं काम करत जगला असता, तर माझं मत बदललं असतं? खरं सांगायचं तर, बहुधा नाही.